कौलाआधीचं दूध

अश्विनच्या जावळाचा दिवस ठरला तेव्हा त्याच्या आईला कुणी विचारलं नाही. येसाजीने वाडीवरून फोन केला, अनिलने "बरं आबा" म्हटलं आणि फोन ठेवला. मग बायकोकडे न बघता तो म्हणाला, "येत्या मंगळवारी. देवीचा वार हाय. सुट्टी टाकतो."

ऋतिका पोराला नाचणीची पातळ पेज भरवत होती. तिने चमचा खाली ठेवला नाही.

"उपाशी ठेवायचं?"

"बघू."

"बघू काय? डॉक्टर काय बोलल्या ते तुझ्यासमोरच बोलल्या ना?"

"बोलल्या. पण आये-आबांना कोण सांगणार?"

"तू. अजून कोण? मी सांगितलं तर ते ऐकणारेत?"

अनिल म्हणजे महाडच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत शिफ्टला जाणारा माणूस. तिथे साहेबाला तोंडावर सांगायचा, हा व्हॉल्व्ह गळतोय, मी हात लावणार नाही. घरी बापापुढे मात्र त्याच्या तोंडून "बरं आबा"च्या पुढे शब्द फुटत नसे. अशी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांना आपण संस्कारी म्हणतो.

ऋतिका त्याला एकांतात अरेतुरे करायची, कारण ती त्याची मामेबहीण. लहानपणी त्याला अन्या म्हणायची. वाडीवर गेलं की अहो. पोलादपूरहून आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागलं की मध्येच एक वाट फुटते, जीप निम्म्यापर्यंत जाते, पुढे चालायचं. त्या वाटेच्या टोकाला अनिलची वरची वाडी, आणि समोरच्या डोंगराच्या सोंडेवर ऋतिकाची खालची वाडी. मामाची पोरगी करायची ही इथली रीत. सासू चंद्राबाई ही ऋतिकाच्या बापाची सख्खी बहीण. चंद्राबाई स्वतः येसाजीच्या मामाची पोरगी. एका सोंडेवरची पोरगी दुसऱ्या सोंडेवर जायची, तिची भाची तिच्या मागून यायची. बाहेरचं माणूस म्हणजे शाळेतला मास्तर आणि पाच वर्षांनी मतं मागायला येणारा.

या घराण्याचा जावळाचा एक रिवाज होता. घराण्याचाच, बाकीच्या वाडीचा नव्हे. पोराचे पहिले केस वाघजाईच्या देवळात काढायचे, पण देवीने कौल दिल्याशिवाय वस्तरा लावायचा नाही. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतो आणि सगळे बसून राहतात. उजवी कळी आधी पडली तर होकार. डावी पडली तर नकार, मग पुन्हा लावायच्या. कुठलीच पडली नाही तर वाट बघायची. इथवर कुणाचं काही बिघडत नाही. देवाला विचारून केस कापले तर कापले. पण या घरात कौल होईपर्यंत पोराच्या तोंडाला काही लावत नसत. आदल्या रात्री निजताना एकदा पाजायचं, मग थेट कौलानंतर. का, तर मागे कुणाचं तरी पोर जावळाच्या दिवशी गेलं. कुणीतरी म्हणालं, कौलाआधी पाजलं असेल, देवीला उष्टं पोर दिलंत. तेव्हापासून उपास. पुढे आणखी एक गेलं, तेव्हा उपास आणखी कडक केला.

ऋतिकाचा पहिला मुलगा मुरारी असाच गेला.

चांगला गुबगुबीत होता. त्याच्या जावळाला कौल दुपार टळेपर्यंत झाला नाही. सकाळी भुकेने तो देऊळ डोक्यावर घेत होता. मग रडायचा थांबला. बायका म्हणाल्या, "काय गुणी पोर गो! कळलं त्याला, देवीचं काम हाय." कौल झाला तेव्हा तो उठला नाही. घाट उतरून दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. तिथल्या डॉक्टरने डोळ्यांवर बॅटरी मारली आणि म्हणाला, दूध छातीत गेलं असेल. ज्या पोराने रात्रीपासून थेंब घेतला नव्हता, त्याच्या छातीत कुठलं दूध जाणार? पण डॉक्टरने काही विचारलं नाही, आणि त्याला कुणी विचारलं नाही. त्याचं ते एक वाक्य मात्र वाडीवर पोचलं. दूध छातीत गेलं, म्हणजे दूध पाजलं होतं. कुणी पाजलं?

पोराला माती देऊन माणसं परत आली आणि चंद्राबाईने दारातच विचारलं, "खरं सांग गो. पाजलंस ना कौलाआधी?"

"नाय आत्या."

"माझ्या डोळ्यात बघून सांग."

ऋतिकाने डोळ्यात बघून सांगितलं. उपयोग शून्य. त्या दिवसानंतर हळदीकुंकवाला, गौरीला, कुणाच्या बारशाला, चंद्राबाई चार बायकांत एवढंच म्हणायची, "आमच्या सुनेला दम निघाला नाय." बायका समजून घ्यायच्या.

अश्विन झाला तो महाडच्या एका लहान दवाखान्यात. तिथल्या लेकरांच्या डॉक्टर नबीला या मूळच्या नाते गावच्या. वडिलांचे ट्रक होते, भाऊ कुवेतला. बाई बोलायला सरळ. आधीचं मूल गेलं हे ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"जायच्या आधी शेवटचं कधी पाजलं होतं?"

ऋतिकाचं तोंड उतरलं. "मी नाय पाजलं, मॅडम. शपथ. सगळे म्हणतात, पण मी नाय पाजलं."

"मी आरोप करत नाहीये गं. मला एवढंच हवंय, ते किती वेळ उपाशी होतं?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिने सांगितलं. रिवाज, कौल, गुणी पोर, सगळं. सांगताना तिला रडू आलं नाही. डॉक्टरांनी अश्विनच्या टाचेला सुई टोचली, रक्ताचे ठिपके जाड कागदावर घेतले आणि ते वाळवून मुंबईला पाठवले. काही देशांत प्रत्येक मूल जन्मलं की हा ठिपका घेतात. आपल्याकडे बहुतेकांच्या वाट्याला काजळाचा ठिपका येतो. तो काही मुंबईला जात नाही.

ठिपक्यांत संशय निघाला. मग तिघांचं रक्त गेलं, आईचं, बापाचं, पोराचं. काही आठवड्यांनी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं.

"तुमच्याकडे भाताची कणगी असते ना घरात?"

"हाय ना," अनिल म्हणाला.

"पोट रिकामं झालं की शरीर अंगातली चरबी काढून जाळतं. कणगीतनं भात काढतो तसं. अश्विनची कणगी भरलेली आहे, पण तिचं तोंड लिंपून बंद केलेलं आहे. आतलं बाहेर निघत नाही. चरबी जाळायला अंगात एक वस्तू बनावी लागते, ती याच्यात बनत नाही. जन्मापासून. त्यामुळे हा वेळेवर खातोय तोवर तुमच्या-माझ्यासारखा. उपाशी राहिला, किंवा तापाने खाणं सुटलं, की साखर खाली जाते आणि मग मेंदू झोपी जातो. मूल रडायचं थांबतं."

ऋतिका म्हणाली, "गुणी होतं."

"काय?"

"काय नाय."

"औषध सोपं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "उपाशी ठेवायचं नाही. दिवसा नाही, रात्री नाही. आजारी पडला, खाईना झाला, तर वाट न बघता माझ्याकडे. ग्लुकोजची पुडी कायम पिशवीत. मोठा होईल, शाळेत जाईल, तुम्हाला उलट उत्तरं देईल. सगळं करेल."

"हे आलं कुठनं?" अनिलने विचारलं. "आमच्यात कुणाला नाय असं."

"एक तुमच्याकडनं, एक हिच्याकडनं. एकेकटं असलं तर काही होत नाही, म्हणून तुम्ही दोघं ठणठणीत. दोन्ही एकाच मुलात आले की हे असं. तुम्ही नात्यातलेच ना?"

"मामाची पोरगी."

डॉक्टर हसल्या. "कॉलेजात माझ्याबरोबरची पोरं मला चिडवायची. तुमच्यात चुलत भावंडांत लग्नं लावतात, म्हणून असले आजार. मी गप्प बसायचे. आता इथे बसून बघते. नमाजवाले असोत की पालखीवाले, डोंगर दोघांनाही एकच मिळालाय, आणि मुलगी शोधायला लांब कुणीच जात नाही." मग त्या गंभीर झाल्या. "दोष कुणाचा नाही, हे घरी नीट सांगा. दोघांचं निम्मं निम्मं आहे."

अनिलने घरी काय सांगितलं? "पोराला जरा अशक्तपणा हाय, सारखं भरवायला सांगितलंय." निम्म्याचं नाव नाही. रक्त तपासलं एवढं चंद्राबाईला कळलं आणि तिने बाकीचं स्वतःच जुळवलं. सुनेच्या रक्तात काहीतरी निघालं. सुनेचं माहेर म्हणजे आपलंच माहेर, हे तिच्या ध्यानात आलं नाही. आणि अनिलने तसंच चालू दिलं. त्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं, म्हणून त्याला झोपही चांगली लागायची.

आता मंगळवारी जावळ.

अनिलने तोड काढली. आदल्या दिवशी जायचंच नाही, शिफ्ट आहे सांगायचं. सकाळी निघताना पोटभर पाजायचं, जीपमधून उतरण्याआधी पुन्हा एकदा. कुणाला कळणार नाही, कुणी दुखावणार नाही.

"आणि कौल लांबला तर?"

"तू हायस ना. कोपऱ्यात जाऊन पाज."

"म्हणजे जे मी केलं नाय म्हणून शिव्या खाल्ल्या, ते आता चोरून करू?"

"चोरून तर चोरून. पोर जगल्याशी मतलब."

हे वाक्य बरोबर होतं, म्हणून ती पिशवी भरायला लागली. अश्विनचं नाक जरा वाहत होतं. तेही तिने दाखवलं. अनिल म्हणाला, "धूळ हाय कंपन्यांची."

वाडीवर पोचेपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. देवळाच्या पायरीवर मात्र चंद्राबाईने हात पुढे केले.

"आण इकडं. या खेपेला कौल होईतो पोर माझ्या मांडीवर."

"आत्या, मी घेते की."

"तू घेतलंवतंस मागल्या टायमाला." आणि तिने अश्विनला उचलून पदराखाली घेतलं, देवीच्या बरोब्बर समोर जाऊन बसली. अनिलच्या सगळ्या योजनेत ही एक गोष्ट बसत नव्हती.

भागोजी गुरवाने देवीला आंघोळ घातली, कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. पहिल्यांदा डावी पडली. पुन्हा लावल्या. पुन्हा डावी. तिसऱ्या वेळी दोन्ही कळ्या चिकटल्या त्या चिकटल्या.

"आज आई रुसलीय," भागोजी म्हणाला.

"तुझ्या विडीच्या वासानं," मागून कुणीतरी बोललं. पुरुष हसले.

"विडी कालपासनं वढली नाय रे."

"म्हणून तर रुसली. तिला सवय झालीय."

ऊन देवळाच्या पत्र्यावर चढलं. बाहेर मटणाच्या हंड्याखाली लाकडं लागली. अश्विन मघापासून रडत होता, आईकडे झेपावत होता, चंद्राबाई त्याला थोपटत होती. ऋतिका खांबाला टेकून उभी होती. तिची पिशवी तिच्या काखेत होती आणि पिशवीत पाण्यात कालवलेली ग्लुकोजची बाटली. अनिल पुरुषांत बसला होता. तिने तीनदा त्याच्याकडे बघितलं. तिन्ही वेळा तो देवीकडे बघत होता.

मग अश्विनचं रडणं कमी झालं. मग थांबलं.

"बघ गो," एक म्हातारी म्हणाली. "कसा गप बसला. गुणी हाय पोर."

ऋतिका खांबापासून सुटली. पुढे काय करायचं हे तिने ठरवलं नव्हतं. ती बायकांच्या मधून, त्यांच्या पायांवरून, थेट पुढे गेली.

"आत्या, पोर द्या."

"बस खाली."

"द्या पोर. त्याला भरवायचंय."

चंद्राबाईने पदर घट्ट केला. "एक खाऊन पोट भरलं नाय तुझं?"

हे असं बोलतात. देवासमोर बोलतात, आणि बोलणाऱ्याला कुणी उठवून बाहेर काढत नाही. बाहेर काढतात ते विटाळशीला.

ऋतिकाने अनिलकडे मान वळवली. "अन्या," ती म्हणाली. "बोल."

नवऱ्याला भर देवळात अन्या. दोन बायकांनी तोंडाला पदर लावला. येसाजीची मान ताठ झाली. अनिल उठला. उठताना त्याने खांबाचा आधार घेतला, म्हाताऱ्या माणसासारखा.

"आये, दे तिला पोर. त्याला उपाशी ठेवलं तर तो मरंल. डॉक्टरनं सांगितलंय. मुरारी पण तसाच गेला. तिनं पाजलं नव्हतं, म्हणूनच गेला."

"डॉक्टर सांगंल. तिच्या रक्तातला दोष पोराला..."

"माझ्या पण रक्तात हाय." आवाज चढला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "निम्मा तिचा, निम्मा माझा. मी तुला सांगितलं नाय, मी घाबरलो. माझ्यात आला तो तुमच्यातनंच आला ना? मी काय आभाळातनं पडलो?"

येसाजी म्हणाला, "अनिल, खाली बस."

"नाय आबा."

बाकीचे हे ऐकत असताना ऋतिका सासूपुढे गुडघ्यांवर बसली होती. पोर ओढून घेण्याच्या भानगडीत ती पडलीच नाही. तिने बाटलीचं झाकण उघडलं, बोट बुडवलं आणि चंद्राबाईच्या मांडीवरच अश्विनच्या हिरड्यांना चोळलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा चोळलं. चंद्राबाईला तिचा हात झटकता आला असता. पण तिचा स्वतःचा हात पोराच्या डोक्यावर होता. तो तिथेच राहिला.

"घाम आलाय याला," चंद्राबाई म्हणाली. आवाज वेगळाच. "गार घाम."

"हां आत्या."

"असाच आलावता."

"मुरारीला?"

"नाय. सुंदराला."

ऋतिकाने हे नाव कधी ऐकलं नव्हतं. अनिलनेही नव्हतं. ते ऐकून येसाजीने मात्र मान खाली घातली.

अश्विनने बोट चोखलं. अगदी हलकं, पण चोखलं. मग ऋतिकाने चमचा काढला, एकेक थेंब. गिळतोय हे बघून पुढचा. चंद्राबाईने पोर थोडं उभं धरलं, ठसका लागू नये म्हणून. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"जीप बोलवा," अनिल म्हणाला.

खालपर्यंत त्याला अनिलने उचलून नेलं. मागून ऋतिका, तिच्यामागे चंद्राबाई, देवळाबाहेर काढून ठेवलेल्या चपला न घालताच. येसाजी सगळ्यात मागे. वर देवळात भागोजीने वळून बघितलं तेव्हा दोन्ही कळ्या खाली पडलेल्या होत्या. आधी कुठली पडली, कुणीच पाहिलं नव्हतं.

महाडला पोचल्यावर डॉक्टर नबीलांनी सलाईन लावली, बोटातून साखर तपासली, पुन्हा तपासली. छाती तपासली. "सर्दी होती ना? सर्दीत तर मुळीच ताणायचं नव्हतं." अनिलने मान हलवली. त्या त्याला ओरडल्या नाहीत. दिवस कलताना अश्विनने डोळे उघडले, सलाईनची नळी बघितली आणि ती ओढायला सुरुवात केली. मग जो रडायला लागला तो थांबेचना. नर्स म्हणाली, "केवढा आवाज हो!" ऋतिका म्हणाली, "रडू दे." आणि तिने त्याला पाजायला घेतलं.

चंद्राबाई बाकावर बसली होती. डॉक्टर जवळून गेल्या तशी तिने त्यांचा कोट धरला.

"बाय, एक विचारू?"

"विचारा मावशी."

"माझी पहिली पोरगी. अनिलच्या आधीची. सुंदरा. तिचं पण जावळाला आसंच झालं. आधी रडली, मग गप झाली, गार घाम आला. माझी सासू सगळ्यांत बोलली, हिनं चोरून पाजलं. भावकी पण बोलली. मी पाजलं नव्हतं. दूध पाझरून चोळी भिजलीवती, तरी पाजलं नव्हतं. यांना इचारा." येसाजी समोरच उभा होता. "हे तवा काय बोलले नाय."

येसाजी आताही काही बोलला नाही.

"पाजलं आसतं तर ती जगली आसती?"

डॉक्टर बाकावर तिच्या शेजारी बसल्या. दिलासा द्यायला त्यांच्याकडे दहा वाक्यं तयार असतील. शिकवतात तशी. त्या म्हणाल्या, "खोटं सांगू का खरं?"

"खोटं लय ऐकलंय."

"तिला हाच आजार असेल, तर जगली असती. बहुतेक."

चंद्राबाईने कोट सोडला. मग म्हणाली, "म्हंजे मी नाय पाजलं म्हणून गेली."

"तुम्हाला पाजू दिलं नाही म्हणून गेली. त्यात फरक आहे मावशी."

"आसंल," चंद्राबाई म्हणाली. मग तिने बाही वर केली. "माझं रक्त घ्या."

"आता त्याची गरज नाही. अश्विनचं आपल्याला माहीत आहे."

"अश्विनसाठी नाय. सुंदराला काय झालंवतं ते मला पायजे. ती गेली त्याला पुरावा काय ऱ्हायला? माती पण पावसानं वाहून गेली. हाय तो माझ्यात हाय."

डॉक्टर म्हणाल्या, "नुसतं तुमचं पुरणार नाही. तुमच्या दोघांत ते निघालं, तर सुंदराचं सांगता येईल. अगदी नक्की नाही, पण सांगता येईल."

चंद्राबाईने येसाजीकडे बघितलं. कसलाच राग नव्हता त्या बघण्यात. येसाजीने टोपी काढून खिशात घातली, बाकावर येऊन बसला आणि सदऱ्याची बाही दुमडायला लागला. त्याला ते जमेना. चंद्राबाईनेच दुमडून दिली.

भात कापून झाल्यावर डॉक्टरांचा फोन आला. दोघांतही होतं.

त्याच वर्षी येसाजीच्या पुतण्याच्या मुलीचं जावळ निघालं. तीच देवी, तोच भागोजी, तीच भावकी. पोरीची आई विशीतली, खांबाला टेकून उभी, पोर मांडीवर घेऊन तिची सासू समोर. कळ्या लागल्या. पोरगी रडायला लागली.

चंद्राबाई बायकांतून उठली. ऋतिका अश्विनला घेऊन मागे बसली होती. तो केळं खात होता, आणि ते निम्मं त्याच्या डोक्याला लागलं होतं. केस अजून काढलेच नव्हते. वाटेल तेव्हा काढू, म्हणाली होती चंद्राबाई.

"ऐका रे सगळी," ती म्हणाली. "माझी सुंदरा या देवळात गेली. मी तिला पाजलं नव्हतं. तुम्ही बोललात, पाजलं. मी पाजलं नव्हतं. माझ्या सुनेनं पण नव्हतं, आणि मी तिला बोलले. डॉक्टरनं माझं रक्त बघितलं, यांचं बघितलं. देवी रागावली नव्हती. पोर भुकेलं होतं."

पुतण्या म्हणाला, "काकी, आपलं जुनं चालत आलंय..."

"जुनं चालत आलंय म्हणून तर पोरं चालायची राहिली. तुझ्या पोरीत नसंल पण ते. नसू दे. उपाशी ठेवून बघायचं हाय का तुला?"

पुतण्याने येसाजीकडे बघितलं. या घराण्यात शेवटचा शब्द त्याचा. येसाजीने घसा खाकरला.

"हिनं पाजलं नव्हतं," तो म्हणाला. "मला ठावं होतं."

एवढंच. चाळीस पावसाळे उशिरा, आणि एवढंच. पण बोलला.

चंद्राबाईने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती त्या सासूकडे गेली, पोरीला उचललं आणि खांबाशी उभ्या असलेल्या आईच्या हातात दिलं. "बस खाली. पाज." पोरीची आई कावरीबावरी झाली. चार पुरुष समोर. चंद्राबाई तिच्यापुढे पाठ करून उभी राहिली आणि आपला पदर दोन्ही हातांनी पसरून धरला.

"भागोजी," ती पदराआडून म्हणाली, "तू लाव तुझ्या कळ्या. सावकाश. पोरीचं होऊ दे आधी."